रोग्यास सांगावें कीं न सांगावें ?
(‘श्वास’ बोलपटाविषयीं थोडें)

उन्हाळ्याच्या सुट्टींत पावसास घरीं जावयाचें, आणि आंब्याच्या पेट्या भरण्याची धांदल ओसरली कीं चार निवांत दिवस वाचनांत घालवावयाचे, हा माझा जुना परिपाठ आहे. यंदा वाचनाऐवजीं एक बोलपट पुन्हां पाहण्याचा योग आला. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें दूरचित्रवाणीवर ‘श्वास’ लावला. २००४ सालीं तो प्रथम पाहिला तेव्हां मी पस्तिशीच्या आसपास होतों, आणि त्या वेळीं मित्रमंडळींत मीं त्याची तोंड भरून स्तुति केली होती. या खेपेस शेजारीं माझ्या वहिनी बसल्या होत्या. मुलाला त्याच्या दुखण्याची कल्पना दिल्याखेरीज शस्त्रक्रिया करतां येणार नाहीं, ही गोष्ट आजाला उमगते त्या प्रसंगाशीं वहिनी उठल्या आणि माजघरांत निघून गेल्या. त्या परत आल्या नाहींत. बोलपट संपला, मुलें निजावयास गेलीं, आणि मी ओटीवर एकटाच बसून राहिलों. प्रस्तुत लेख त्या रात्रीच्या विचारांतून निघाला आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. कारण टीकाकारानें आपला पूर्वग्रह वाचकापासून लपवूं नये, असें मी वर्गांत विद्यार्थ्यांना गेलीं पंचवीस वर्षें सांगत आलों आहें.

‘श्वास’ची मूळ कथा माधवी घारपुरे यांची आणि दिग्दर्शन संदीप सावंत यांचें, दिग्दर्शक या नात्यानें हा त्यांचा पहिलाच बोलपट. त्याच्या गौरवांत कांहीं उणें पडलें नाहीं. ५१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सुवर्णकमळ मिळालें. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर मराठीला तें पुन्हां मिळावयास पन्नास वर्षें जावीं लागलीं. (दोन्ही कथा कोकणांतल्या, आणि दोन्हींत एक मूल व एक वडील माणूस; या योगायोगाचा आम्हां रत्नागिरीकरांस थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी.) पुढें ऑस्करच्या स्पर्धेसाठीं भारतातर्फे त्याची निवड झाली, आणि तिकडील खर्च भागविण्यासाठीं लोकांनीं वर्गण्या काढल्या. अखेरच्या पांचांत तो पोंचला नाहीं. या धामधुमीनें मराठी बोलपटाचें भलें झालें हें उघड आहे; परंतु खुद्द ‘श्वास’चें थोडें नुकसानच झालें असें मला वाटतें. जी कृति समाजाच्या अभिमानाचा विषय होते तिच्याकडे मग कोणी चिकित्सक दृष्टीनें पाहत नाहीं. या बोलपटानें जो प्रश्न आपल्या घरांत आणून टाकला होता त्याचें उत्तर शोधण्याच्या फंदांत न पडतां आपण त्याला हार घालून मोकळे झालों.

कथानक अगदीं लहान आहे. कोकणांतला एक आजा आपल्या नातवाला, परशुरामाला, डोळ्यांच्या तपासणीसाठीं शहरांत घेऊन येतो. मुलाच्या दृष्टिपटलास कर्करोग झालेला आहे. जीव वांचवावयाचा तर शस्त्रक्रिया केली पाहिजे, आणि शस्त्रक्रिया केली कीं दृष्टि जाणार. डॉक्टर साने ज्या वैद्यकीय नीतीला बांधलेले आहेत तिचा दंडक असा कीं, रोगी वयानें कितीहि लहान असला तरी त्याला आधीं कल्पना दिली पाहिजे. आजाला ते शब्द उच्चारवत नाहींत. आसावरी नांवाची रुग्णालयांतील समाजसेविका त्याला हात देते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं आजा आणि नातू खाटेवरून नाहींसे होतात. शोधाशोध होते, वृत्तपत्रांचे बातमीदार रुग्णालयावर तुटून पडतात. आणि संध्याकाळीं आजा सांपडतो तेव्हां कळतें तें एवढेंच, कीं दृष्टि जाण्यापूर्वीं पोराला डोळे भरून जग पाहतां यावें म्हणून तो त्याला शहर दाखवीत हिंडत होता. शेवटीं काळा चष्मा लावलेला मुलगा पाण्याच्या वाटेनें आपल्या गांवीं परततो, आणि ओळखीच्या माणसांना हांका मारूं लागतो.

या रोगाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण बोलपट पाहून पुष्कळांचा असा ग्रह झाला कीं डोळ्याचा कर्करोग म्हणजे आंधळेपण किंवा मरण. तसें नाहीं. इंग्रज वैद्य ज्यास रेटिनोब्लास्टोमा म्हणतात तो हा रोग बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांस होतो. कधीं एका डोळ्यास, कधीं दोन्हींस. त्याची पहिली खूण ओळखावयास वैद्य लागत नाहीं, आई पुरते. मुलाच्या बाहुलींत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चकाकी दिसते, किंवा डोळा तिरळा होऊं लागतो. झोत पाडून काढलेल्या छायाचित्रांत एक बाहुली तांबडी आणि दुसरी पांढरी येते. १९७१ सालीं अमेरिकेंतील आल्फ्रेड नुडसन यांनीं याच रोगाच्या अभ्यासावरून, पेशींत दोन वेळां बिघाड झाला म्हणजे हा रोग उद्भवतो, असें अनुमान मांडलें, आणि त्यानें कर्करोगाच्या एकंदर शास्त्रालाच नवें वळण लागलें. आज रोग वेळेवर ओळखला तर मूल तर वांचतेंच, पण औषधें, लेसर किरण आणि गोठविण्याची क्रिया यांच्या साह्यानें पुष्कळदां डोळाहि वांचवितां येतो. म्हणजे ‘डोळा कीं जीव’ ही निवड दैवानें घातलेली नसून बव्हंशीं उशिरानें घातलेली असते. परशुराम हा या रोगाच्या मानानें वयानें बराच मोठा आहे हें खरें. परंतु दोन वर्षांच्या मुलाला काय सांगावें हा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि तो प्रश्न नसता तर ही कथाहि नसती. एवढी सवलत कथाकारास दिली पाहिजे.

कर्करोगाचा बोलपट म्हटला कीं माझ्या पिढीला ‘श्वास’च्या आधीं १९७१ चा ‘आनंद’ आठवतो. हृषीकेश मुखर्जींच्या त्या हिंदी बोलपटाचा मी चाहता आहें, पण त्यानें आपल्यावर एक अन्याय केला आहे. आंतड्यांच्या कर्करोगानें मरावयास निघालेला तो तरुण किती गोड हंसतो ! त्याला वांत्या नाहींत, पाठीला जखमा नाहींत, औषधांच्या बिलाची विवंचना नाहीं, आणि मुख्य म्हणजे त्याचें अंथरूण धुणारें कोणी माणूस आपल्या नजरेस पडत नाहीं. आनंद हंसत गेला. आणि मागें उरलेल्या खऱ्या रोग्यांना आपण त्याच्यासारखे हंसत नाहीं याचीच शरम वाटूं लागली. फळांची पिशवी घेऊन समाचाराला येणारा प्रत्येक जण ‘मन खंबीर ठेवा म्हणजे झालें’ असें सांगतो, तेव्हां तो नकळत असेंच सुचवीत असतो कीं रोग बळावला तर तो रोग्याच्या मनाचा दुबळेपणा. एके काळीं क्षयानें कादंबऱ्यांतील नायिकांना फिकट आणि सुंदर करून मारलें. त्याच चालीवर कर्करोगानें बोलपटांतील नायकांना विनोदी आणि थोर करून मारलें. सुसान साँटॅग या अमेरिकन विदुषीनें स्वतः कर्करोगांतून उठल्यावर १९७८ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून याच खोडीवर बोट ठेवलें. रोग हा रोग आहे, तो कसलेंहि रूपक नव्हे, असें तिचें सांगणें. आपल्याकडील टीकाकारांनीं तें पुस्तक जितकें वाचावयास हवें होतें तितकें वाचलेलें दिसत नाहीं.

रूपक तर सोडाच, पण नांवहि नको असा आपला खाक्या. खेंकड्याचें हें नांव ग्रीक वैद्यांनीं ठेवलेलें, इंग्रजीच्या वाटेनें तें आपल्या भाषेंत ‘कर्क’ होऊन आलें. सुश्रुताचा शब्द ‘अर्बुद’. आमच्या पावसाच्या पंचक्रोशींत यांपैकीं एकहि शब्द कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं. ‘त्याला तें दुखणें झालंय,’ असें आवाज खालीं आणून सांगतात, आणि ऐकणारा ‘कुठलें ?’ म्हणून विचारीत नाहीं.

या पार्श्वभूमीवर ‘श्वास’ची थोरवी दिसते. त्यानें रोग्याला नायक केलें नाहीं. रोग्याजवळ बसणाऱ्याला केलें. अरुण नलावडे यांचा आजा रडून प्रेक्षकांना रडवीत नाहीं. मोठ्या रुग्णालयांत खेड्यांतला म्हातारा जसा वावरतो तसा तो वावरतो. कोणत्या खिडकीशीं उभें राहावें, कोणाला साहेब म्हणावें, आपल्याला समजलें नाहीं हें कितीदां कबूल करावें, या सगळ्याचा संकोच त्याच्या अंगावर दिसतो. डॉक्टरांच्या तोंडून निघालेलें वाक्य त्याच्यापर्यंत पोंचावयास वेळ लागतो, आणि दिग्दर्शकानें तो वेळ लागूं दिला आहे. अश्विन चितळे या मुलाच्या कामाबद्दल अधिक लिहीत नाहीं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण त्याच्याहि कामाचा मोठा गुण हा कीं तो आजारी मुलासारखा वागत नाहीं, मुलासारखा वागतो.

टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यु’ (१८८६) ही कथा मी वर्गांत अनेकदां शिकविली आहे. त्या न्यायाधीशाला वेदनेहून अधिक छळतें तें भोंवतालच्या माणसांचें खोटें बोलणें. तो मरतो आहे हें बायकोला, डॉक्टरांना, मित्रांना ठाऊक आहे, त्याला स्वतःलाहि ठाऊक आहे. तरी सर्व जण तो केवळ आजारी असल्याचें नाटक वठवितात आणि त्यालाहि त्यांत भूमिका करावयास लावतात. एकटा गेरासिम हा खेडवळ नोकर नाटकांत नाहीं. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो, कारण तसें केल्यानें मालकाला बरें वाटतें. ‘श्वास’मधला आजा आणि गेरासिम एकाच जातीचे. फरक इतकाच कीं गेरासिमला बोलण्याची जबाबदारी नव्हती. आजावर ती आहे. टॉलस्टॉयनें खोटें बोलणाऱ्यांवर आसूड ओढला, आणि आपण वाचक त्याच्या बाजूला उभे राहून त्या बायकोचा तिरस्कार करतों. ‘श्वास’ तिच्या जागेवर आपल्याला उभें करतो. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या डोळ्यांत पाहून तें वाक्य म्हणून दाखवा, असें तो म्हणतो. आणि मग तिरस्कार करणें तितकें सोपें राहत नाहीं.

दोष नाहींत असें नाहीं. बातमीदारांचा गोंधळ हा सबंध बोलपटांतील सर्वांत सामान्य भाग होय. तेथें कथेला गति यावी म्हणून बाहेरून ढकलल्यासारखें वाटतें, आणि इतका वेळ हळू आवाजांत बोलणारा दिग्दर्शक एकाएकीं ओरडूं लागतो. डॉक्टर सान्यांचा राग आदरांत ज्या वेगानें पालटतो तोहि मला पुरता पटला नाहीं. (संदीप कुलकर्णींनीं तो राग मात्र फार चांगला दाखविला आहे, कामाच्या ओझ्याखालीं वांकलेला सज्जन माणूस रोग्याच्या नातेवाइकांवर ज्या तऱ्हेनें खेंकसतो तसा.) शिवाय बारा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत पालकाची संमति आपल्या कायद्याला पुरते, मुलाला सांगितल्याखेरीज सुरी उचलूं नये असें कायदा म्हणत नाहीं. डॉक्टरांचा आग्रह हा नीतीचा आहे, आणि तो तसाच राहूं दिला असता, नियमाच्या पांघरुणाखालीं घातला नसता, तर त्यांची व्यक्तिरेखा अधिक उंच झाली असती. आणखी एक उणीव अशी कीं घरची बाईमाणूस बव्हंशीं पडद्याच्या कडेला राहते. आपल्या समाजांत शुश्रूषेचा भार कोणावर पडतो हें सांगावयास नकोच.

आसावरीचें पात्र त्या मानानें मोलाचें आहे. अमृता सुभाष यांनीं तिला उत्साही आणि थोडी अननुभवी केलें आहे, तें खरें वाटतें. रुग्णालयांत समाजसेविका कशाला हवी, असें विचारणारे सुशिक्षित लोक अजून भेटतात. मुंबईस टाटांच्या दानांतून समाजकार्याचें विद्यालय निघालें १९३६ सालीं, आणि १९४६ मध्यें जे. जे. रुग्णालयांत आपल्या देशांतील अशा पहिल्या कार्यकर्त्याची नेमणूक झाली. डॉक्टराला वेळ नाहीं आणि नातेवाइकाला शब्द नाहींत, या दोहोंच्या मधल्या जागेंत तिनें उभें राहावयाचें. रुग्णालयाची भाषा घरच्या भाषेंत आणावयाची, आणि घरची भीति रुग्णालयाला समजेल अशा भाषेंत न्यावयाची, हें भाषांतराचेंच काम. भाषेचा प्राध्यापक म्हणून मला त्याचें महत्त्व अधिक वाटत असेल.

पडद्याबाहेरच्या कोकणी आजाची वाट मात्र याहून लांब आणि खडतर असते. ती परळास जाते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, पुढच्याच वर्षीं तेहि गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधींतून परळास २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं ८० खाटांचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याकडे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें तेथें येतात, आणि उपचार आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे असल्यामुळें पहिला प्रश्न औषधाचा नसतो, तर रात्रीं पाठ कोठें टेंकावी हा असतो. कांहींजण दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेंत उतरतात. आजारी मुलांच्या आईबापांसाठीं सेंट ज्यूड या संस्थेनें २००६ पासून निवारे उभारले आहेत. बाकीच्यांना पदपथ आहेच. त्या पदपथावर एक विद्यापीठ भरतें. महात्मा फुले योजनेचे कागद कोठें द्यावयाचे, शिधापत्रिकेवरचें नांव आणि आधारपत्रावरचें नांव जुळत नसेल तर काय करावयाचें, किरणांनीं तोंड सोललें असतां काय गिळवतें, केंस गेल्यावर मुलीला शाळेंत कसें पाठवावयाचें, हें सारें तेथें जुना नातेवाईक नव्याला शिकवितो. १९६९ पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि १९९४ पासून व्ही केअर यांसारख्या संस्थांनीं हेंच पदपथावरचें ज्ञान नीट मांडून दिलें आहे. आमच्या जिल्ह्यापुरतें सांगावयाचें तर चिपळुणाजवळ डेरवणास वालावलकर रुग्णालय झालें, आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यानें तेथून गांवोगांवच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होऊं लागली. घराजवळ, वेळेवर केलेली ही दहा मिनिटांची तपासणी पुढच्या साऱ्या करुणरसाचें मूळच तोडते. पण तिच्यावर बोलपट निघणार नाहीं, कारण जें दुःख टळलें त्याला कथानक नसतें.

आतां माझ्या पूर्वग्रहाकडे येतों.

माझ्या थोरल्या बंधूंना, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं, २०१६ सालीं घांस गिळावयास त्रास होऊं लागला. आधीं भाकरी, मग भात, मग पेज. मुंबईच्या एका रुग्णालयांत तपासण्या झाल्या आणि अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, तोहि पसरलेला. घरांत इंग्रजी शिकलेला मीच. कागद माझ्या हातीं, डॉक्टरांशीं बोलणें माझ्याकडे. तरुण डॉक्टरांनीं विचारलें, ‘रोग्याला कल्पना दिली आहे ना ?’ मीं म्हटलें, ‘त्याची जरुरी नाहीं. तें मी पाहून घेईन.’ डॉक्टरांनीं एकदां माझ्याकडे पाहिलें आणि पुढचा रोगी बोलावला. अण्णांना आम्ही सांगितलें कीं अन्ननलिकेंत जुनी जखम आहे, भरून यावयास वेळ लागेल. वहिनींना खरें सांगितलें, आणि चेहऱ्यावर दाखवूं नका असें बजावलें. इव्हान इलिचची कथा मी त्याच वर्षीं दुसऱ्या सत्रांत शिकवीत होतों. वाचकांस हें नवल वाटेल. मला त्या वेळीं वाटलें नाहीं.

पुढचे आठ महिने आमचें घर त्या एका असत्याभोंवतीं फिरत राहिलें. वहिनी पेज दोनदां फडक्यांतून गाळीत आणि नाकांतल्या नळीवाटे पिचकारीनें देत. रात्रीं तीन तीन वेळां उठत. त्यांचे हात चालत असत, पण तोंडानें बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, कारण नवराबायकोच्या बोलण्याचा रोख केव्हांतरी पुढच्या दिवसांकडे वळतोच. मग त्या उठून आंत जात. वेदना वाढल्या तेव्हां मॉर्फिनच्या गोळ्यांसाठीं मीं केलेली धांवपळ येथें सांगत बसत नाहीं. औषध जुनें आणि स्वस्त. १९८५ च्या कायद्यानें तें रोग्यापासून दूर गेलें आणि २०१४ च्या दुरुस्तीनें कागदावर जवळ आलें, तरी त्या वर्षीं तालुक्याच्या गांवांत तें मला मिळालें नाहीं. वांद्र्याच्या शांति आवेदना सदनासारखी, मरणोन्मुख रोग्यांस केवळ वेदनेंतून सोडविण्याकरितां १९८६ सालीं निघालेली संस्था आपल्या राज्यांत आहे, हें मला ठाऊक होतें. पण तेथें न्यावयाचें म्हणजे सांगावें लागलें असतें.

आणि पूर्णगड. आमच्या घरापासून पूर्णगड जवळ. लहानपणीं अण्णा मला तेथें चालत नेत असत. तटावर उभें राहिलें म्हणजे एका अंगास मुचकुंदीची खाडी आणि दुसऱ्या अंगास उघडा समुद्र दिसतो. दुखण्याच्या चवथ्या महिन्यांत, हिंडण्याइतकें बळ अजून अंगांत होतें तेव्हां, ते एके सकाळीं म्हणाले, ‘एकदां पूर्णगडावर जाऊन येऊं या.’ मीं म्हटलें, ‘अण्णा, आतां उन्हांत कशाला दगदग ? बरा झालास म्हणजे जाऊं.’ त्यांनीं मान हलविली. पुन्हां कधीं तो विषय काढला नाहीं.

‘श्वास’मधल्या त्या पळून जाण्याच्या प्रसंगाकडे मी आतां वेगळ्या दृष्टीनें पाहतों तें यामुळें. २००४ सालीं तो मला एका प्रेमळ म्हाताऱ्याचा काव्यमय वेडेपणा वाटला होता. डॉक्टरांच्या कठोर सत्याला आजाच्या प्रेमानें दिलेलें उत्तर, असा त्याचा अर्थ मीं लावला होता, आणि पुष्कळ परीक्षणकारांनींहि तसाच लावला. तो अर्थ चुकीचा आहे. सत्य आणि प्रेम यांची तेथें लढत नाहींच. दृष्टि जाणार हें आजानें स्वतःशीं कबूल केलें म्हणूनच त्याला तो दिवस सुचला. ज्यानें कबूल केलें नाहीं त्याला तो सुचणार नाहीं. ‘बरा झालास म्हणजे जाऊं’ असें म्हणणाऱ्याला नातवाला कांहींच दाखवितां येत नाहीं. तें दाखविणें म्हणजेच सांगणें होतें. आमच्या खोट्यानें अण्णांचें मन सुरक्षित राहिलें कीं नाहीं कोण जाणे, पण त्यानें त्यांचा पूर्णगड हिरावून घेतला एवढें निश्चित. बोलपटांत आजाला शब्द सांपडत नाहींत, आणि शब्द सांपडले नाहींत तरी सांगतां येतें, हें त्या दिवसानें दाखविलें आहे. डॉक्टर सान्यांच्या दंडकांत ही रीत बसत नसेल. मला ती त्या दंडकाहून मोठी वाटते, पण त्या दंडकावांचून ती जन्मली नसती, हेंहि तितकेंच खरें.

याचा अर्थ प्रत्येक रोग्याला कागद वाचून दाखवावा असा कोणी करूं नये. ज्याला ऐकावयाचें नाहीं त्याच्या कानांत तें ओतणें हाहि एक प्रकारचा अत्याचार आहे, आणि पाश्चात्त्य रुग्णालयांतून तो शिष्टाचार म्हणून घडतो असें तिकडे राहणारे आपले लोक सांगतात. पण त्याला ऐकावयाचें आहे कीं नाहीं हें त्याला विचारलें पाहिजे. मीं विचारलें नाहीं. अण्णा गेल्यावर वर्षभरानें कधींतरी मीं वहिनींजवळ विषय काढला, आणि त्यांना शेवटपर्यंत कळलें नाहीं हें एक बरें झालें, असें कांहींसें म्हणालों. वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, ‘त्यांना कळलं होतं, भावोजी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत.’

परवां रात्रीं बोलपट अर्ध्यावर टाकून त्या आंत कां गेल्या हें मीं विचारलें नाहीं. सकाळीं ओटीवर चहा घेऊन आल्या. कांहीं वेळ उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनींच विचारलें, ‘त्या पोराला शेवटी सांगितलंनी का हो ?’

‘सांगितलें,’ मीं म्हटलें.

‘आणि मग ?’

मीं त्यांना शेवटचें दृश्य सांगितलें. मुलगा पाण्याच्या वाटेनें घरीं येतो, त्याला दिसत कांहीं नाहीं, पण तो आपल्या माणसांना हांका मारतो, असें. वहिनींनीं तें सबंध ऐकून घेतलें, आणि आज रात्रीं तेवढाच भाग पुन्हां लावतां येईल कां, म्हणून विचारलें.